फायली अजून सोलापुरातच

सोलापूर, ६ जानेवारी २०२५

चि. वरद यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायला लागले की तुझे बाबा पेपर खाली करून कान देतात, म्हणून हे पत्र. बँकेतली नोकरी सोडून तू फोटोंच्या मागे लागलास, त्यावरून तुम्हा बापलेकांत जे झालं ते झालं. दिवाळीलाही आला नाहीस. तू नवा कॉम्प्युटर घेतलास ना, आता घरच्या जुन्यातल्या फायली डिस्कवर भरून पाठवायला कॉम्प्युटरच्या दुकानातल्या कल्लप्पाला सांगितलंय. उद्या येतो म्हणाला. वेळेवर जेवतोस ना? जिवाला नुसता घोर लागलाय. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर टाक.
पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आई

पुणे, ११ जानेवारी

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि. कल्लप्पाचा उद्या कधी उजाडणार? मंगळवेढ्याच्या मेंढपाळांचे फोटो त्या फायलींतच आहेत, दुसरीकडे कुठंही नाहीत. महिनाअखेर ते दाखवले तर इथलं पहिलं मोठं काम मिळेल. नाहीतर परत बँकेच्या दारात, आणि बाबा बोलायला मोकळे! माझी झोप उडालीय. बाबांची शुगर तपासलीस का? ते माझ्याबद्दल काही बोलतात का, हे मी विचारत नाहीये.
तुझी माया आहे तशीच असू दे.
वरद

सोलापूर, १५ जानेवारी

चि. वरद यास,
आशीर्वाद. काल गड्ड्याच्या जत्रेत कल्लप्पा भेटला. चांगला फैलावर घेतला. तर तोच म्हणाला, की बाई, मी दोनदा येऊन गेलो की. काम झालंय असं सांगून साहेबांनी दारातूनच परत पाठवलं. मला असा संताप आला! घरी येऊन तुझ्या बाबांशी लई भांडले. म्हटलं, स्वतःच्या लेकराच्या पोटावर पाय देता? शेवटी म्हणाले, "फायली गेल्या की तो कशाला येतोय इकडं?"
पण तुझं काम अडता कामा नये. पुढच्या आठवड्यात कल्लप्पाला मीच धरून आणते.
काळजी करू नकोस, असं सांगणारी आणि स्वतः करणारी,
आई

पुणे, १८ जानेवारी

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार. तुझं पत्र जिन्यातच उभ्यानं वाचलं. आधी बाबांचा राग आला, मग रडू आलं. खोटं कशाला बोलू? कल्लप्पाला आणू नकोस. गुरुवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं मीच येतोय. बाबांना सांगून टाक, की फायली भरायला दोन तास लागतात आणि मी चार दिवस राहणार आहे.
दोघांच्याही पाया पडायला येणारा,
वरद