टोचायची सुई, शिवायची सुई

४ जानेवारी

पुन्हा पडले! स्वयंपाकघरात, आईच्या पायाशी. समोरच्या नर्सबाई नेहमीप्रमाणे आईला इन्सुलिन द्यायला आल्या होत्या. त्या वेळी मी मुद्दाम बाथरूममध्ये जाऊन बसते. आज दूध उतू जातंय म्हणून धावले आणि नेमकी सुई दिसली. डोळे उघडले तर दोघी वाकून माझ्याकडे बघतायत. दूध गेलंच.

शिवणकामावर घर चालवते मी. दिवसभर हातात सुया, ओठांत टाचण्या. शिवायची सुई बोटात घुसली तरी चोखून पुढे शिवते. पण इंजेक्शनची दिसली की आडवी. लाज वाटते.

त्यात नर्सबाईंची बदली झालीय. महिनाअखेर चालल्या. आई म्हणाली, "माझा हात थरथरतो. आता तूच द्यायचंस." मी हसले. ती हसली नाही.

६ जानेवारी

वहिनीचा फोन. "अंग सैल सोडायचं, दीर्घ श्वास घ्यायचा. सगळं मनाचं असतं गं." केलं तसं. इतकं सैल सोडलं की खुर्चीवरून घसरून खाली आले.

९ जानेवारी

मानसोपचारवाल्या बाईंकडे गेले. बालपण विचारतील म्हणून रुमाल घेऊन, रडायच्या तयारीने. बालपणाचं नाव नाही! त्यांनी कागदावर शिडी काढली. तळाला सुईचं चित्र बघणं, टोकाला आईला टोचणं. "एकेक पायरी. भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं, पळायचं नाही."

वहिनीचा उपाय ऐकून हसल्या. बाकीच्या भीतींना तो चालतो म्हणे. पण सुई बघून चक्कर येणाऱ्यांचा रक्तदाब धाडकन उतरतो. सैल सोडलं की आणखी उतरणार. म्हणून उलटं करायचं – दंड, पोट, मांड्या घट्ट आवळायच्या, चेहरा तापेपर्यंत. जरा सोडायचं, परत आवळायचं. वहिनीला हे सांगणार नाही.

सांगितलं.

१० जानेवारी

मशीनवर बसून आवळण्याचा सराव. माप द्यायला आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "पोटात दुखतंय का? मी नंतर येते."

१५ जानेवारी

चित्रं झाली. आज खरी सिरिंज टेबलावर. दर थोड्या वेळाने बाई विचारणार, भीती दहापैकी किती. मी झपाझप उतरले – सात, चार, दोन. स्वतःवर खूश.

"छान. सुईच्या टोपणाचा रंग कुठला?"

मी सगळा वेळ खिडकीच्या पडद्याची शिलाई बघत होते. चुण्या तिरक्या घातल्यात. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, न बघता उतरलेली भीती उतरलेली नसते, आपण फक्त तिला चुकवलेलं असतं. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी आठवरून पाचवर यायला फार वेळ लागला, पण आली. टोपण नारिंगी आहे.

१९ जानेवारी

विचारून टाकलं – यानं खरंच जातं का? म्हणाल्या, "बहुतेकांना चांगला फरक पडतो. काहींची थोडी उरते. सराव सोडला तर परत डोकावते." छातीठोक हमी दिली असती तर माझा विश्वास बसला नसता.

२४ जानेवारी

टाचण्या खोचायच्या उशीत मिठाचं पाणी टोचतेय. उशी ओलीचिंब. आई बघून गेली, म्हणाली, "उशीची साखर किती आली?"

२६ जानेवारी

आज नर्सबाई आईला टोचताना बघायचं होतं. डोळ्यांपुढे काळोख. आवळायचं विसरलेच. बसले, पडले नाही. पण रडले खूप. चार दिवसांत हे मला जमायचं नाही, आणि आईचं काय होणार?

२७ जानेवारी

पुन्हा बघितलं. आवळून. उभी राहिले.

३० जानेवारी

नर्सबाईंचा हात माझ्या हातावर, आणि सुई आईच्या पोटात. मग त्यांनी हात काढून घेतला. मला कळलंसुद्धा नाही.

१ फेब्रुवारी

एकटीनं दिलं! भीती पाच. मांड्या लाकडासारख्या. आई म्हणाली, "कळलंही नाही." वहिनीला फोन केला. "बघ, श्वासाचा फायदा झाला ना?" म्हणाली. असू दे.

९ फेब्रुवारी

सकाळी उठायला उशीर झाला. धावत गेले तर आई खिडकीपाशी बसून स्वतःच इन्सुलिन घेत होती. हात अगदी स्थिर. मला बघून दचकली, पण औषध पूर्ण आत जाईपर्यंत थांबली, मग सुई बाहेर काढली.

"कधीपासून येतं तुला?"

"नर्सबाईंची बदली ठरली त्या आठवड्यापासून. त्यांनीच शिकवलं."

"मग मला कशाला –"

"तुझे वडीलही रक्त तपासायचं म्हटलं की असेच पळायचे. साखर वाढल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तू दोन महिने घटाघटा पाणी पितेस. स्वतःचे ड्रेस कमरेत आत घेतेस. मला दिसत नाही का? सुईची भीती गेल्याशिवाय तू रक्त तपासू दिलं असतंस?" एवढं बोलून रडायला लागली.

चिडायचं होतं, जमलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं, या घरात घाबरलेली मी एकटीच.

कोपऱ्यावरची लॅब आठला उघडते. उपाशीपोटी जायचं, आईने आधीच विचारून ठेवलंय. आई चप्पल घालून दारात उभी आहे.