नुसत्या सॉरीवर ओवाळणार नाही

गंगापूर रोड, नाशिक
५ ऑक्टोबर २०२५

ती. इंदिराताईस,
गोविंदचा शि. सा. नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवरचा घरचा ग्रुपही सोडलास, म्हणून हे पत्र. तुझ्या गौरीच्या फराळातल्या रव्याच्या लाडवाने माझी कवळी मोडली, हे मी ग्रुपवर फोटोसकट टाकायला नको होतं. सॉरी.

भाऊबीजेला येतोय. आजवर एकदाही चुकलेली नाही.

तुझा (बहुतेक) लाडका,
गोविंद

सिन्नर
९ ऑक्टोबर

चि. गोविंदास आशीर्वाद, तूर्त एकच.

सॉरी? एसटीत पायावर पाय पडला की लोक सॉरी म्हणतात आणि पाय तिथेच ठेवतात. आमची नात सायली तोंडात चोरलेला पेढा ठेवून सॉरी म्हणते. ग्रुपवर ते वाचून घोटीच्या चिमणाबाईंनी मला विचारलं, लाडवासोबत हातोडीपण देता का! माझी पार शोभा केलीस.

चूक नीट कबूल कर. नाहीतर भाऊ नसलेल्या बायका करतात तसं यंदा चंद्रालाच ओवाळीन. त्याला कवळी नाही.

डोळ्यांत थेंब घालतोस ना?

लोभ थोडा शिल्लक आहे.
इंदिराताई

नाशिक
१३ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

‘क्षमस्व’ लिहून पाहिलं, तर खोदलेल्या रस्त्यावरची पाटी वाटली. ‘दिलगीर आहे’ लिहिलं, तर बँकेचं पत्र. सॉरी कसं पटकन सुटतं, आत काही हलत नाही. म्हणूनच तुला ते चाललं नसणार.

तर ऐक. कवळी लाडवाने मोडलीच नाही. आदल्या दिवशी ती खुर्चीवर ठेवली आणि मीच वर बसलो. मोहिनी हसेल म्हणून लाडवावर ढकललं. लाडू मी दुधात भिजवून खाल्ले, चांगले तीन. बायकोच्या धाकाने बहिणीला नावं ठेवली. चुकलो गं ताई. चंद्राला ओवाळू नकोस, मला फार वाईट वाटेल.

थेंब घालतो. मोहिनी हे वाचून अजून हसतेय.

माया पातळ करू नकोस.
गोविंद

सिन्नर
१७ ऑक्टोबर

चि. गोविंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

वाचून आधी रडले, मग हसले, मग ग्रुपमध्ये परत जाऊन तुझ्या पत्राचा फोटो टाकला. चिमणाबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलंय. ये, सकाळीच ये. बसण्याआधी खुर्ची बघत जा.

तू खरं बोललास, तर आता मीही बोलते. गौरीत माझी पाठ धरली होती. ते लाडू मी केलेच नव्हते, दुकानातून आणले होते. एवढं मात्र ग्रुपवर टाकू नकोस.

सॉरी हं.

तुझीच,
ताई