फुटक्या गोळ्या

ती. काकांस,

तुम्ही कारखाना परदेशी कंपनीला विकलात, ते एका अर्थी बरंच झालं. आता छप्पर गळत नाही. रक्तदाबाची आपली गोळी अजून मीच बनवते, पण सगळा माल बाहेर जातो. इथल्या दुकानांत ती मिळेनाशी झाली आहे आणि दुसरी कुठली आईला मानवत नाही.

तुम्ही पुडीत बांधून द्यायचात, "वहिनी, अख्ख्या गिऱ्हाइकाला, फुटक्या घरच्यांना!" तेवढ्यावर तिचं भागायचं. नवं मशीन मात्र झकास आहे, एक गोळी फोडेल तर शपथ.

हे पत्र पाठवणार नाही, तुम्ही उगाच जिवाला लावून घ्याल.

मी घरात पाऊल टाकलं की आई विचारते, "काय गं, आज तरी काही फुटलं का?"

तुमची पुतणी