आईची निना कोण होती?

२८ सप्टेंबर २०११

आईसाठीची नऊ दिवसांची जपमाळ काल संपली. आज खुर्च्या चर्चच्या हॉलमध्ये परत पोचवल्या. घर एकदम मोठं झालं आहे.

काल शेवटच्या प्रार्थनेत एक गंमत झाली. गंमत म्हणू नये, पण झाली. घराण्यातल्या गेलेल्यांची नावं घेणं चाललं होतं. आईचे वडील, पेर्फेक्तो बालेरिओ. इथपर्यंत ठीक. त्यांचे वडील? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी धाकटी बहीण ओर्लिंदा म्हणाली, "आणि त्यांचे वडील, जे कोण असतील ते!" बायका माना खाली घालून हसल्या. प्रार्थनेत!

मग भांडी धुताना ती मला म्हणाली, "फिनो, तू रिटायर झालायस. बायको नाही, पोर नाही, टीव्हीसुद्धा बघत नाहीस. वंशावळ लिहून काढ. जन्मभर सरकारचे रस्ते आखलेस, आता आपली माणसं आख."

आखतो म्हणालो. खरं कारण तिला सांगितलं नाही. इथे लिहायला हरकत नाही.

आम्ही पाच भावंडं. चार आईजवळ वाढली. मी थोरला — मला तिसऱ्या वर्षी लिब्रादा मावशीकडे देऊन टाकलं. कॉलेजला जाईपर्यंत तिथेच राहिलो. आई दर शनिवारी यायची, पाव घेऊन, पाहुण्यासारखी. बाकीचे तिला 'तू' म्हणायचे. मी शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणालो.

मला का दिलं? हे विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे — धीर झाला नाही. आता विचारायला ती नाही.

२९ सप्टेंबर

"मावशीला मूलबाळ नव्हतं म्हणून." लहानपणापासून हेच ऐकलं. पण मग थोरलाच का? धाकटा का नाही? मी काय मांजराचं पिल्लू होतो?

१ ऑक्टोबर

आराखड्यांचा जुना कागद उलगडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिकटवला. जेवण आता उभ्यानं.

नावाशेजारी जन्मसाल, आणि त्याखाली बाप्तिस्म्याला बाळ कडेवर घेऊन उभे राहिलेले धर्मपिता आणि धर्ममाता — निनो आणि निना. ते लिहिल्याशिवाय आमच्याकडची वंशावळ पुरी होत नाही. आई-बाप देव देतो. निनो-निना माणसं निवडतात. कोणाचं कोणाशी पटत होतं ते त्यावरूनच कळतं.

मजा येते आहे. मजा यावी का, कळत नाही. आईला जाऊन महिनाही झालेला नाही.

४ ऑक्टोबर

सांता फेला गेलो. चर्चच्या जुन्या नोंदींच्या फिती यंत्रावर फिरवत दिवसभर बसलो. डोळे लाल. पण सापडले! पेर्फेक्तोचे वडील — प्रोकोपिओ बालेरिओ, मेंढपाळ. 'जे कोण असतील ते' यांना नाव मिळालं.

शेजारच्या यंत्रावर ताओसकडची एक बाई होती. मध्येच ओरडली, "मला घोडेचोर मिळाला!" सगळी खोली वळून बघायला लागली. "सख्खा पणजोबा!" आनंदानं सांगत होती. मला म्हणाली, "तुमच्याकडे कोणी?" मी म्हणालो, मेंढपाळ. तिला माझी कीव आली.

७ ऑक्टोबर

कागद गुंडाळून मावशीकडे गेलो. चौऱ्याण्णव वर्षांची झाली, पण अजून स्वतः चूल पेटवते. मला बघितल्यावर पहिलं वाक्य: "हितो, वाळलास. बहीण जेवायला घालत नाही वाटतं?" मी छप्पन्नचा, पण तिचा हितोच, बाळच. निळ्या मक्याची पेज पुढ्यात ठेवली. संपवल्याशिवाय कागद उघडू देईना.

मग रमली. तिच्या दोन्ही भावांची नावं, त्यांच्या पोरांची नावं. आणि जवळजवळ प्रत्येक पोराची निना कोण? लिब्रादा! भावांची पोरं, चुलत्यांची पोरं, शेजारपाजारची. पहिलं चौदाव्या वर्षीच घेतलं होतं म्हणे, पाण्याच्या पाटापलीकडच्या अबेता कुटुंबाचं.

"गावातल्या शेळ्या तेवढ्या राहिल्या," ती म्हणाली. "पाद्री तयार नव्हता."

आईच्या नावाखाली मात्र दुसरंच जोडपं. म्हातारे मोंद्रागोन नवराबायको. मी सहज विचारलं, "सगळ्यांची निना झालीस, स्वतःच्या धाकट्या बहिणीची नाही?"

ती चुलीत लाकूड सारत होती. म्हणाली, "मी नव्हते तेव्हा इथे. कोलोरॅडोला गेले होते. बटाटे काढायला." आणि लगेच, "आणखी पेज घे."

८ ऑक्टोबर

आईचा जन्म मार्चचा. मार्चमध्ये कोलोरॅडोत जमीन दगडासारखी गोठलेली असते. मी तिथे रस्ते केलेत. कसले बटाटे?

११ ऑक्टोबर

ओर्लिंदाबरोबर डोंगरावर पिन्योन पाइनच्या खायच्या बिया वेचायला गेलो. हाताला सगळा डिंक. यंदा बिया भरपूर आहेत, आई असती तर पोतं भरेपर्यंत उठली नसती. हे दोघांच्याही मनात होतं.

ओर्लिंदाच्या लेकीची मुलगी चार महिन्यांची झाली. बाप्तिस्मा तेवीस तारखेला, इथेच, आणि निनो मी! ओर्लिंदानं परस्पर ठरवून टाकलं. "नाही म्हणायचं नसतं," म्हणाली. नसतंच.

मग तिची नेहमीची कुरकूर. "पहिली नात आजीची, ही आपली रीत. मी लेकीला म्हटलं, ठेव माझ्याकडे, वाढवते. ती म्हणाली, मॉम, वेडी झालीस का? अल्बुकर्कीत राहून पोरगी रीत विसरली!"

मी म्हणालो, रीतच बघायची तर मी क्लेओफास आजीकडे, आईच्या आईकडे, वाढायला हवं होतं. ती तर तेव्हा धडधाकट होती, पाटापलीकडेच राहत होती.

"तू पहिला नातू थोडाच होतास तिचा? मामांची सगळी पोरं तुझ्याआधीची," ओर्लिंदा म्हणाली. ते बरोबरच. कागदावरही तसंच आहे.

बटाट्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "भांडण झालं असेल. बायका लोकांना भांडण सांगत नाहीत, बटाटे सांगतात."

१३ ऑक्टोबर

भांडण पटत नाही. जिनं कोणालाच नाही म्हटलं नाही, ती घरातल्या तान्ह्या पोरीवर रुसेल?

आजीच्या घरात मावशी शेंडेफळ होती. आणि सोळा वर्षांनी आई! क्लेओफास आजी तेव्हा पंचेचाळीस. 'उतारवयातला प्रसाद' म्हणायचे सगळे. मी हे वाक्य जन्मभर ऐकलं आहे. पहिल्यांदाच कागदावर बघितलं. दोन नावांमध्ये केवढी मोकळी जागा.

१६ ऑक्टोबर

थंडी पडली. आईची खोली अजून उघडली नाही.

१९ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात निनो-निनांचा वर्ग. लोखंडी खुर्च्या, पाणचट कॉफी. शिकवायला पाद्र्याचा मदतनीस, डीकन फाकुंदो. पोस्टातून निवृत्त झाला तरी अजून टपाल वाटल्यासारखा ओरडून बोलतो.

"निनो व्हायला काय लागतं? एक! सोळा वर्षं पूर्ण."

"आमच्या वेळी चौदा चालायचं," एक म्हातारी म्हणाली.

"तुमच्या वेळी लॅटिनही चालायचं, आजीबाई! दोन! स्वतःचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा मोठेपणीचा संस्कार, झालेलं हवं. तीन! आजी चालेल, मावशी चालेल, बहीण चालेल, शेजारीण चालेल. त्या मुलाची आई किंवा बाप चालणार नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "अरेरे! घरातल्या घरात भागवलं असतं, जेवणाचा खर्च वाचला असता!" सगळे हसले.

"हसू नका. आईनं आपल्याच लेकराची निना व्हायचं नाही. जुना नियम आहे, माझा नाही. आणि हे कोणाला सांगावं लागतं का, सांगा!"

पुन्हा हसले. मीही हसलो. हसता हसता थांबलो.

बहीण चालते.

सोळा वर्षांची थोरली बहीण, घरातच, दृढीकरण झालेली, आधीच दुसऱ्याचं पोर बाप्तिस्म्याला कडेवर घेतलेली — तीच निना व्हायची. दुसऱ्या कोणाला बोलवायचं कारणच नव्हतं. एकच बाई अशी असते जिला ते पोर कडेवर घेऊन तिथे उभं राहता येत नाही.

पाद्र्यापुढे खोटं बोलता आलं नसणार त्यांना. गावापुढे आलं.

फाकुंदोनं विचारलं, "देल्फिनो, समजलं ना सगळं?" समजलं म्हणालो.

२० ऑक्टोबर

मावशी नाही. आजी.

लिहून बघितलं. कागदावर नाही, इथेच.

२१ ऑक्टोबर

आज दिवसभर काही केलं नाही. दफनाचा दिवस आठवत बसलो. आम्ही मुलं पहिल्या बाकावर. मावशी दुसऱ्या बाकावर, भाचरांच्यात. गाव रांगेनं आलं, माझा हात धरला, "तुमच्या दुःखात सामील आहोत." एकेकानं. तिच्यापुढून जाताना नुसती मान हलवली. थोरली बहीण, तीही इतकी म्हातारी — तिचं काय सांत्वन करायचं!

पोटची मुलगी गेली होती तिची. काळी शाल डोक्यावर ओढून नीट बसली होती. घरी आल्यावर सगळ्यांना विचारत होती, जेवलात का.

मग मनात आलं — आईला हे कुठे माहीत होतं? क्लेओफासलाच आई म्हणत ती मोठी झाली, तिच्या मरणात लेकीसारखी रडली. मी बघितलंय, नऊ वर्षांचा होतो. म्हणजे माझा प्रश्न होता तिथेच आहे. मूल नसलेल्या बहिणीची कीव आली, आणि पाचातला — तेव्हा तर एकटाच होतो — मला उचलून दिलं. वंशावळ सापडली. मी का, ते नाही सापडलं.

२३ ऑक्टोबर

बाप्तिस्मा झाला. पोरगी पाणी पडल्यावर रडली नाही, फाकुंदोच्या आवाजानं रडली.

मावशीला व्हीलचेअरवरून पुढे आणलं होतं. बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. ओर्लिंदा म्हणाली, "घ्या मावशी, हिची निना व्हायचं राहिलं तुमचं!" मावशी म्हणाली, "पुरे झालं आता. माझ्या पोरांची संख्या देवालासुद्धा मोजता येत नाही."

मी तिच्याकडे बघत होतो. तिनं बाळाच्या कपाळावरचं पाणी शालीच्या टोकानं टिपलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटतं तिला कळलं, की मला कळलं.

२५ ऑक्टोबर

ओर्लिंदा विचारते, कागद कधी दाखवणार? म्हणालो, अजून एक रेघ राहिली आहे.

सांगू का तिला? माझं गुपित नाही हे. चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईनं अठ्ठ्याहत्तर वर्षं सांभाळलेली गोष्ट मी बटाट्यांच्या हंगामावरून उकरून काढायची? पण तिच्याजवळ कोणीच दोन शब्द बोललं नाही, हेही सहन होत नाही. तिला जाऊन सांगितलं पाहिजे. तेवढंच. माझं काही विचारणार नाही.

२७ ऑक्टोबर

गेलो. लाकडं फोडून दिली. पाण्याच्या पाटात पडलेली पानं काढली. पेज खाल्ली. आलो. बोललो नाही.

२९ ऑक्टोबर

आज बोललो. ती टॉर्टिया भाजत होती. तिचा हात धरला आणि म्हणालो, "तुझी मुलगी गेली. तुझ्या दुःखात सामील आहे."

टॉर्टिया करपली. तिनं ती काढली, चूल विझवली, बसली. "किती दिवस लावलेस, हितो," म्हणाली. "तुझ्या आईला तर एक रात्र पुरली."

"आईला माहीत होतं?"

"क्लेओफास आजारी पडली त्या हिवाळ्यात. मरते म्हणून सगळं सांगून टाकलं तिला. आणि सांगून मोकळी झाली ती बरी झाली! सहा वर्षं जगली!" हसायला लागली, मग डोळे पुसले. "दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. तुझी आई. तू तिच्या खांद्यावर झोपलेला. आत आलीसुद्धा नाही. 'पहिला नातू आजीचा असतो,' म्हणाली आणि तुला माझ्या हातात दिलं. बस. पुन्हा त्यावर एक शब्द नाही — तिचा नाही, माझा नाही."

मला तिनं आपल्या शालीत गुंडाळून आणलं होतं. शाल माझ्याभोवती तशीच ठेवली आणि बर्फातून नुसतीच परत गेली म्हणे.