पांढऱ्या कॉलन्या आणि डोहाळजेवण

३ ऑगस्ट, अल्बनी, ऑकलंड
आजपासून शिस्त. पीएचडीचं चौथं वर्ष, बास झालं. गाईड हेलन म्हणाली, बॅक्टेरियातला जांभळ्या रंगाचा जीन शोध, मग खुशाल घरी जा. ३० तारखेला नाशिकला ऋचाचं डोहाळजेवण. बायकोला शब्द दिलाय, मी असणारच.

कृती सोपी. उड्या मारणारा जीन ई. कोलाय या दुसऱ्या बॅक्टेरियाकरवी जांभळ्या बॅक्टेरियात सोडायचा. उतरेल तिथला जीन बिघडतो. रंगाच्या जीनवर उतरला की कॉलनी, म्हणजे प्लेटवरचा बॅक्टेरियांचा ठिपका, पांढरी. प्लेटमधल्या औषधाने ई. कोलाय मरतात, उरतात आपले जीन बिघडलेले म्यूटंट. पोरखेळ!

७ ऑगस्ट
सगळ्या प्लेट्स जांभळ्या. औषध संपलं, नवी बाटली मागवली. इथे ऑगस्टात हिवाळा; बाहेर पाऊस, फ्लॅटमधला हीटर बंद. त्या जीनला कुठेही उडी मारता येते, मला ऑकलंडबाहेर पडता येत नाही. जीव गुदमरतो. व्यायाम उद्यापासून.

१४ ऑगस्ट
पांढऱ्या! एक नाही, इथल्या भाषेत हीप्स, ढीगभर! शेवटी हाताला गुण असावा लागतो. शेजारच्या बेंचवरची अक्षता म्हणाली, एवढ्या? औषध घातलंस ना रे? हिला बघवत नाही. घातलं. म्हणजे बाटली हातात होती, नक्की आठवतंय. तेवढ्यात ऋचाचा फोन आला होता.

१५ ऑगस्ट
हेलन म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे झकास, पण डीएनए तपासून घे. फॉर्मॅलिटी! तिकीट काढलं, रद्द न होणारं. माणसाचा स्वतःवर विश्वास हवा. ऋचा फोनवर रडलीच. मलाही भरून आलं.

२६ ऑगस्ट
रिपोर्ट आला. ई. कोलाय. तो मुळातच पांढरा असतो. हे मला माहीत होतं. नवी बाटली फ्रीजमध्ये सापडली, सीलसकट. खरं तर चूक त्या फोनची. हेलन म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस जाऊन येऊ का, विचारलं. ती म्हणाली, मग थीसिस कोण देणार? अडकलो. ऋचाला अजून सांगितलं नाही. उद्या सांगतो.

३० ऑगस्ट
काल सांगितलं. आज डोहाळजेवण लॅबमधून व्हिडिओवर पाहिलं. ऋचा हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत. काय सुंदर दिसत होती! पुढ्यात दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. कुठली उचलू, तिने विचारलं. मी ठामपणे म्हणालो, डावी. पेढा निघाला. मुलगा, मुलगा म्हणून बायकांचा गलका.

मी म्हणालो, बघ, माझा अंदाज चुकत नाही. बारशाला नक्की येतो.

ऋचा म्हणाली, बारशाचं राहू दे. मुंजीला तरी ये.