अनोळखी पाऊल

रविवार, १९ ऑक्टोबर. मेडनहेड, इंग्लंड.

या घराची एजंटने लावलेली किंमत सगळ्या नातेवाइकांना ठाऊक झाली आहे. खरी किंमत इथे लिहून ठेवतो: कमरेतला एक मणका, डाव्या करंगळीचं वरचं पेर आणि माझ्या लेकीचं, टालियाचं, जवळजवळ सगळं लहानपण. ती शाळेत जायची तेव्हा मी स्लाऊच्या गोदामांमध्ये कन्व्हेयर बेल्टखाली उताणा पडलेला असायचो. तरी महाग पडलं म्हणणार नाही. मागे बाग, बागेपलीकडे घोड्यांचं कुरण, समोर कोणाची खिडकी नाही. हॉलमधून ओकचा रुंद जिना वर जातो आणि मध्येच उजवीकडे वळतो. आज सकाळपासून मी उगाच तीनदा चढून उतरलो. बायको, शुलामीथ, म्हणाली, एलिजा, जिना कुठे पळून जात नाही, आधी खोकी उघड.

बेल्टदुरुस्तीचा धंदा मी कानांवर उभा केला. चालत्या बेल्टच्या कडेने एक फेरी मारली की कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचो. घरातलं माणूस तर पावलावरूनच कळतं. शुलामीथ आधी टाच टेकवते. टालिया पायऱ्या दोन-दोन घेते, आता नॉटिंगहॅमला फिजिओथेरपी शिकते तरी सवय तीच. भिंतीआडून, झोपेत, टीव्ही चालू असताना, कधीही विचारा. घरच्यांचं पाऊल ओळखण्यात मी आजवर चुकलेलो नाही.

उन्हाळ्यात कंपनी विकली. आता हे घर आणि मी.

रविवार, २६ ऑक्टोबर

नव्या घरात मलिदा झाला. आम्ही कोकणातले बेने इस्राएल ज्यू. नवं घर असो, लग्न असो, नवस फेडायचा असो, एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिजा नबीला, बोलावल्याशिवाय आमचं काही पुरं होत नाही. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं, आणि नबीचं ताट वेगळं. प्रार्थना चालू असेतो पुढचं दार उघडं ठेवायचं, यावर शुलामीथची सेगुलामावशी अडून बसली. मी म्हटलं, मावशी, हीटिंग चालू आहे. मावशी म्हणाली, तुझ्याच नावाचा नबी, आणि त्याला बाहेर उभा करून तू गॅसचं बिल वाचवणार का? सगळे हसले. दार उघडं राहिलं.

प्रार्थनेच्या मध्यावर जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, मग एक जड ठोका. पुन्हा पाऊल, पुन्हा ठोका. कोणीतरी भिंतीला धरून वर चाललं होतं. पाहुणे सगळे माझ्यासमोर बसलेले. उठून पाहिलं, कोणी नाही.

मावशीला सांगितलं तर ती खूश झाली. नबीच्या घोड्याची टाप, म्हणाली. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर उमटलेली तीच. इतका मान तर तिच्या बापाच्या घरालाही मिळाला नव्हता. मी हसलो. फळं छान होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुपारी मी एकटा असताना पुन्हा तेच. प्लंबरला बोलावलं. पाइप गरम झाले की फुगतात, वाजतात, असं त्याने मला समजावलं आणि चहा पिऊन गेला. पाइप मला कळतात. हे वजन आहे. एक पाय नीट पडतो, दुसरा लाकडाच्या ओंडक्यासारखा आपटतो. आमच्या ओळखीत असं कोणी चालत नाही.

शुलामीथला काहीच ऐकू येत नाही. नबी तुलाच भेटतो, कारण तू सिनेगॉगला येत नाहीस, असं तिचं म्हणणं.

गुरुवार, ४ डिसेंबर

हे लिहायला लाज वाटते. आज आधी कुलपात किल्ली फिरली. मग दार. मग जिन्यावर पाऊल, ठोका, पाऊल, ठोका. दाराच्या कॅमेऱ्यात रिकामी पायरी दिसत होती. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस हातात लाटणं घेऊन कोठीच्या खोलीत पिठाच्या डब्यांमागे उभा राहिलो. शुलामीथ दुकानातून आली आणि तिने दार उघडलं. मी म्हटलं, पापड शोधतोय. तिने लाटण्याकडे पाहिलं आणि माझ्या बाजूचा पापडाचा डबा उचलून माझ्या हातात दिला.

बंदूक घ्यायची ठरवलं.

शनिवार, १० जानेवारी

शबाथच्या विश्रांतीच्या दिवशी लिहू नये, पण नाहीतरी बरंच करू नये ते करतोय. शुलामीथ सिनेगॉगला गेली की मी अमेरिकन माणसांचे व्हिडिओ बघतो. आखूड सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन, घराच्या रक्षणासाठी. बैठकीच्या खोलीत उभे राहून ते ती अशी दाखवतात जशी शुलामीथची बहीण नवा मिक्सर दाखवते. इथे ते चालत नाही. नळी चोवीस इंचांहून आखूड नको, आत तीनपेक्षा जास्त काडतुसं नकोत, आणि घराच्या रक्षणासाठी हे शब्द पोलिसांसमोर काढले की अर्ज संपला. म्हणून मी क्ले शूटिंग लिहिलं. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायचा खेळ.

अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून पद्माकरची सही घेतली. स्लाऊमध्ये आम्ही एका खोलीत राहिलोय. त्याने विचारलं, एल्या, तू कॅरमची सोंगटी नीट मारत नाहीस, उडती तबकडी कशी मारणार? मग सही केली. काही भानगड नाही ना, असंही विचारलं. नाही म्हटलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

पोलिसांकडून बाई आल्या. शांत, नीट कपड्यांतल्या, वयाने टालियापेक्षा थोड्या मोठ्या. भिंतीत ठोकलेलं स्टीलचं कपाट हलवून पाहिलं, किल्ली कुठे ठेवणार ते विचारलं. घरात कधी असुरक्षित वाटतं का, हेही विचारलं. मी हसून म्हटलं, मॅडम, मेडनहेडला? त्याही हसल्या. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या मागे जिन्यावर पाऊल वाजलं आणि मी त्यांना आणखी एक बिस्किट घ्या म्हटलं.

रंगेहाथ पकडलेल्या पोरासारखं वाटत राहिलं दिवसभर. मी आयुष्यात गिऱ्हाइकाला जुना भाग नवा म्हणून विकलेला नाही.

शुक्रवार, ६ मार्च

सर्टिफिकेट आलं, बंदूक घेतली. दुकानदार ऍडम सज्जन माणूस. त्याने मला लांब, देखण्या दुनळी दाखवल्या. क्लेला सगळे त्याच घेतात म्हणाला. मी मात्र सगळ्यात आखूड, काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची सेमी-ऑटो उचलली. त्याने विचारलं, क्ले कुठे खेळणार? मी म्हटलं, इथेच जवळ. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, सर्टिफिकेट पुन्हा वाचलं आणि पावती केली.

आता बंदुकीची परीक्षा. वजन तीन किलोच्या आसपास, पिठाच्या पिशवीपेक्षा हलकी वाटते. दस्ता माझ्या खांद्याला किंचित लांब. क्लबवर पंचवीस काडतुसं उडवली, एकही अडकलं नाही. धक्का कमी, दुसरी गोळी लवकर बसते. घरात मात्र चोवीस इंचांची नळी जिन्याच्या वळणावर कठड्याला लागते. मागे सरून, वरच्या पायरीवर बसून धरली तर वळणापर्यंतचा सगळा जिना समोर येतो. काडतूस आत सरकवणारा बोल्ट ओढून सोडला की आवाज येतो, खर्र-खट. खणखणीत. हा आवाज ऐकूनच चोर पळतो, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला होता.

शुलामीथला क्लेचंच सांगितलं. ती म्हणाली, नबी दारात आणि तू बंदूक घेऊन बसलास, तुझ्या आईने तुला भलतंच नाव ठेवलं.

गुरुवार, १२ मार्च

वरच्या पायरीवर बसून सराव करत होतो. बंदूक रिकामी. बोल्ट ओढला, खर्र-खट. खाली वळणाआडून तेच आलं, खर्र-खट. मी थांबलो. तेही थांबलं. पुन्हा ओढायला हात नेला आणि —

आधी तिकडून वाजलं. मग माझ्या हातातून.

ते माझी नक्कल करतंय. नाही, नक्कल नंतर होते. हे आधी होतं. मला काय करायचंय ते त्याला कळतं.

गुरुवार, १९ मार्च

दुपारी किल्ली, दार, पाऊल, ठोका. मग टालियाचा आवाज. पप्पा. जिन्यातून, अगदी तिचाच. टालिया नॉटिंगहॅमला आहे, तासाभरापूर्वीच फोनवर बोललो होतो. आणि हे पाऊल तिचं नाही.

मग गोळीचा आवाज. घरात. बंदूक कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

मग एक पुरुष रडत होता. बराच वेळ. माझी टिंगल करत असावा — घाबरल्यावर मी तसाच रडेन, म्हणून.

भिंतीवर काही नाही. छर्ऱ्यांची एक खूण नाही.

त्याच्याकडेही बंदूक आहे.

मंगळवार, २४ मार्च

बंदूक कपाटाबाहेर आहे. तिन्ही काडतुसं आत. हे करायचं नसतं. त्या पोलीस बाईंना मी मान डोलावून सांगितलं होतं की असं कधी करणार नाही. शुलामीथ घरी असली की पलंगाखाली सरकवतो. रात्री ती पलंगावर झोपते, मी तिच्या शेजारी, खाली बंदूक. तिला सांगायला हवं. पद्माकरला सांगायला हवं. त्यांना काय सांगू — की मला नबीची भीती वाटते?

पद्माकरने फोन केला होता. उचलला नाही.

सोमवार, ३० मार्च

परवा पेसाखची सेदेर, सणाचं पहिलं जेवण. टालिया परवा सकाळी येणार. तोपर्यंत याचा निकाल लावायचा. ती या जिन्यावर येण्याआधी. एवढंच. बाकी माझं काहीही होवो.

शुलामीथ उद्या लंडनला, हेंडनमध्ये मावशीकडे, स्वयंपाकाला. रात्री येईल. चांगलं आहे.

ते फक्त दुपारी येतं.

मंगळवार, ३१ मार्च

वरच्या पायरीवर. वही गुडघ्यावर. बंदूक मांडीवर, सेफ्टी काढलेली. फोन बंद करून खोलीत ठेवलाय, नीट ऐकू यावं म्हणून. फॅमिली ग्रुप सकाळपासून टिंगटिंग करत होता.

पाऊस नाही, वारा नाही. घर गप्प.

बाहेर गाडी थांबली — गेली. शेजाऱ्यांची.

किल्ली. आली किल्ली.

दार.

पाऊल. ठोका. पाऊल. ठोका. हेच ते. हुबेहूब. ऑक्टोबरपासून हेच —

पप्पा म्हणतंय. तिच्या आवाजात. पप्पा, घरी आहे का कोण.

उत्तर देणार नाही. ते टालियाचं पाऊल नाही. मला माझ्या पोरीचं पाऊल —

वळणाशी आलं —

तीच तारीख

ऍम्ब्युलन्सवाल्यांनी मला खालच्या पायरीवर बाजूला बसवलंय. टालिया शुद्धीवर आहे. छर्रे दंडात आणि खांद्यात. तिला हात लावू देत नाहीत मला. बरोबर आहे त्यांचं. पोलीस दोन मिनिटांत पोचतील म्हणाले. धावत उतरताना वही खिशात कोंबली असावी.

तो रडणारा माणूस मी होतो. तोच आवाज. आत्ता माझ्याच तोंडातून ऐकला. ती किल्ली, ते दार, ती हाक, सगळं आजचं होतं. कोणी नक्कल करत नव्हतं. आधीच ऐकवत होतं — मला — आणि मी त्यावर बंदूक —

कोणीतरी माझा फोन आणून दिला. शुलामीथला कळवा म्हणून. वर टालियाचा मेसेज, सकाळचा. ममा, पप्पा, मी आजच येते, उद्या नाही. क्लोई गाडीने सोडते. घाबरू नका, हॉकीमध्ये पाय मोडला, खूप दुखत नाही.

शुलामीथला काय लिहू. शुलामीथ, मी —

टालियाच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आहे आणि मी ते पाऊल