बेहड्यावरचा चुना

४ मार्च
सकाळी तळ्याकाठी सगळ्यांची विचारपूस. उंबर बरा, लगडलाय. वडाची पारंबी जमिनीला टेकली, म्हातारपणी काठी मिळाली त्याला. उदांचं, म्हणजे पाणमांजरांचं, बिऱ्हाड सुखरूप. पायरीवर माशांची खवलं टाकून गेलेत. थोरल्या धन्यांनी बांधलेल्या घाटाचे दोन चिरे निसटलेत. माझा गुडघा... असो.

७ मार्च
बेहड्याखाली उंबराच्या बिया. वर पाहिलं. ढोलीचं तोंड लिंपलेलं, फट तेवढी उघडी. ककणेराची, म्हणजे धनेशाची, मादी आत अंड्यांवर. नर आला, एकेक उंबर फटीतून भरवून गेला.
आणि खोडावर माझ्या हातचा चुन्याचा पट्टा. पट्टा म्हणजे तोड. पोकळ झाड, तळं बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या वाटेवर पडेल म्हणून जानेवारीत मीच मारला. ही जोडी कुठे बसते ते इतकी वर्षं तळ्यापलीकडे शोधत होतो.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, "घोवान बायलेक कोंडल्यान, आणि तुमका कौतुक."
"ती आपणच लिंपून घेता गो."
"मगे शहाणी आसा."

८ मार्च
चुना घासून काढला. तोडीचा मुकादम बाबल हसला. "आप्पानु, चुनो पुसून काय उपयोग? राखणदाराक नारळ दिलात. निरोप दिलेल्या झाडाक परत बोलवतात काय?"
खरंय. पट्ट्यानंतर राखणदाराला, या जागेच्या देवाला, नारळ, मग झाड आपलं नाही. ही शिस्त मीच लावली.
"पिल्ला उडान जायसर थांब रे."
"बेबीतायन सांगल्यान तर थांबतंय. नायतर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तोड."

१० मार्च
बेबीताईंना मुंबईला फोन. थोरल्या धन्यांची नात, आता सगळं त्यांचंच. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही खूण केलीत ना? मग मी कशाला बघू?" घाईत होत्या. एवढा विश्वास, पुढे बोलवेना. चूक सांगायची राहिलीच.

१२ मार्च
राखणदारापुढे दुसरा नारळ. झाड देताना गाऱ्हाणं खणखणीत घालतो. आज एवढंच निघालं, माझा चुकला.

१३ मार्च
ताईंना कागदावर लिहिलं, फोटो काढून मोबाइलवर धाडला. शेवट इथे उतरवून ठेवतो :
'...पावसात बेहडा पडणार नाही अशी हमी मी देत नाही. वाट वडाकडून वळवून घेतो. खूण चुकली, ती माझी. आत जीव आहेत, ते तुमच्या आजोबांच्या वेळेपासूनचे असतील. तुमची तब्येत जपा. पाडव्याआधी दोन ओळी लिहा.'